मनिला, १ ऑक्टोबर १९७५ : एडी फच आणखी एक मिनिट गप्प बसला असता तर?

स्टूलवरचा (धागाकर्ता)

परवा रात्री लाइट गेले आणि लॅपटॉपची बॅटरी शिल्लक होती. अशा वेळी शहाण्या माणसाने झोपावं. मी मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची मुष्टियुद्धाची तिसरी लढत काढून बसलो. कितव्यांदा ते विचारू नका, आमच्या घरात त्या प्रश्नाला बंदी आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी पार्श्वभूमी. पहिली लढत ८ मार्च १९७१ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाली. फ्रेझर गुणांवर जिंकला आणि पंधराव्या फेरीत त्याच्या डाव्या हूकने (बाजूने वळून येणाऱ्या ठोशाने) अलीला पाठीवर झोपवलं. दुसरी २८ जानेवारी १९७४ला, तिथेच. बारा फेऱ्या, अली गुणांवर. तिसरी मनिलाला लागून असलेल्या क्वेझॉन सिटीत, अरानेटा कोलिझियममध्ये. अली तेव्हा जगज्जेता, कारण वर्षभरापूर्वी किन्शासात त्याने फोरमनला पाडलं होतं.

चौदा फेऱ्या झाल्या. फ्रेझरचा उजवा डोळा सुजून बंद. त्याचा वस्ताद एडी फच म्हणाला, बस पोरा, झालं. आज तू इथे जे केलंस ते कुणी विसरणार नाही. फ्रेझर उठायला बघत होता. फचने ऐकलं नाही, लढत तिथे संपली.

आता समोरचा कोपरा, म्हणजे अलीची मंडळी. अलीने म्हणे आपल्या वस्तादाला, अँजेलो डंडीला, सांगितलं होतं, ग्लोव्ह्ज काप, बास झालं. डंडीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि तोंड पुसत राहिला. फ्रेझरचा कोपरा थांबल्यावर अली उठला, हात वर केला आणि रिंगमध्येच कोसळला.

माझं मत स्पष्ट आहे. फच आणखी एक मिनिट गप्प बसला असता तर अली पंधराव्या फेरीला उठला नसता आणि फ्रेझर जिंकला असता. मुष्टियुद्धातला सगळ्यात मोठा निकाल एका म्हाताऱ्याच्या मायेने फिरवला. तुम्हाला काय वाटतं?

हलकं_घ्या

मला वाटतं तुमच्याकडचे लाइट लवकर यावेत.

चिकित्सक_चिंतोपंत

ग्लोव्ह्ज कापायची गोष्ट वादातली आहे, ती तुम्ही 'म्हणे' लावून का होईना पण पायाला घेतली आहे. इमारत त्यावरच उभी. कोपऱ्यातल्या माणसांनी नंतर सांगितलेल्या आठवणी म्हणजे लग्नात मानपानावरून काय झालं याच्या आठवणी. प्रत्येकाची वेगळी आणि प्रत्येकाची खरी.

शिवाय बऱ्याच जणांना वाटतं तसा टॉवेल (हार मानल्याची खूण) वगैरे कुणी फेकला नव्हता. फचने रेफरीला सांगून लढत थांबवली. हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर चाळिसाव्या प्रतिसादापर्यंत इथे टॉवेलांचा ढीग पडेल.

आकडेमोड

भावना बाजूला ठेवू. चौदा फेऱ्यांनंतर पंचांची गुणांची कार्ड अशी होती: रेफरी कार्लोस पदिया ६६-६०, अल्फ्रेडो कियाझोन ६७-६२, लॅरी नादायाग ६६-६२. तिन्ही अलीच्या बाजूने. जिंकेल त्याला फेरीचे पाच गुण, अशी पद्धत होती. म्हणजे पंधरावी फेरी फ्रेझरने एकतर्फी घेतली असती तरी गुणांवर तो हरलाच असता. त्याला दोनच रस्ते होते. अलीला झोपवणं, नाहीतर अलीचं न उठणं.

दुसरी गंमत अशी. आजच्या नियमाने ही लढत बारा फेऱ्यांची असती. तेरावी आणि चौदावी अलीची धरली आणि दर फेरीला एक गुणाचा फरक धरला, तर बाराव्या फेरीअखेर अली चार, तीन आणि दोन गुणांनी पुढे निघतो. निकाल तोच. फक्त आपण ज्यावर आज भांडतोय त्या दोन फेऱ्या झाल्याच नसत्या.

पन्हाळ्याचा_वारा

आकडेमोड, तुमचा दुसरा परिच्छेद वाचून थांबलो राव. म्हणजे अक्खा धागा त्या सहा मिनिटांचा आहे.

माजी_फ्लायवेट

मी कॉलेजात असताना चार वर्षं ग्लोव्ह्ज घातले आहेत. विद्यापीठाच्या पुढे गेलो नाही, त्यामुळे फुशारकी नाही. पण ते स्टूल काय असतं ते मला माहीत आहे.

दोन फेऱ्यांमध्ये साठ सेकंद मिळतात. त्यातली पहिली दहा स्टूलपर्यंत पोचण्यात जातात, शेवटची दहा उठण्यात. मधल्या चाळिसात एक जण पाणी मारतो, एक जण कानात बोलतो, आणि तुम्हाला दोन्ही कळत नाही. त्या वेळी मुष्टियोद्धा काहीही बोलतो. मी एकदा आमच्या सरांना म्हणालो होतो, मला घरी जायचंय. बेल वाजली आणि उठून उभा राहिलो. घरी जायचं होतं हेही खरं, उठलो हेही खरं. अली 'काप' म्हणाला असेल तरी त्यावरून तो उठला नसता असं मी म्हणणार नाही.

आता डोळ्यांचं. लोक म्हणतात फ्रेझरचा एक डोळा बंद झाला होता, दुसरा होता की. नाही हो. डावा डोळा आधीपासूनच गेल्यात जमा होता. मोतीबिंदू होता, कित्येक वर्षं त्याने डॉक्टरांपासून लपवला. उजव्यावर सगळी मदार. आणि अलीच्या जॅबने (पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशाने) व हूकने नेमका तोच मिटवला. अली नेहमीच्या पवित्र्यात, म्हणजे डावा हात पुढे ठेवून लढणारा, त्याचा उजवा सरळ ठोसा समोरच्याच्या डाव्या बाजूला येतो. म्हणजे फ्रेझरच्या आंधळ्या बाजूला. चौदाव्या फेरीत अलीचे उजवे एकापाठोपाठ एक बसताना बघा. फ्रेझर चुकवायचा प्रयत्नसुद्धा करत नाहीये. तो दमलाय म्हणून नाही, ठोसा येतोय हेच त्याला दिसत नाहीये.

तर धागाकर्त्याला माझा प्रतिप्रश्न. अली उठला असता तर?

स्टूलवरचा

उठला असता तर वाईट झालं असतं, मान्य. पण उठला नसता असंच माझं म्हणणं आहे ना. निकालानंतर ज्याला दहा सेकंद उभं राहता आलं नाही तो तीन मिनिटं काय लढणार?

माजी_फ्लायवेट

संपलं हे कळल्यावर पाय जातात. संपलं नाही हे माहीत असेपर्यंत जात नाहीत. मॅरेथॉनवाल्यांना विचारा. रेषेच्या अलीकडे कुणी पडत नाही, पलीकडे रांग लागते.

सौ_मिसळ

मॅरेथॉनवाली हजर. रेषेच्या अलीकडेही पडतात. मी पडले आहे. बाकी चालू द्या.

निशा_ठाणे

सगळे डोळे, गुण, स्टूल चालू आहे, म्हणून जरा वेगळं. ही तिसरी लढत एवढी विखारी का झाली ते सांगितल्याशिवाय फ्रेझर 'मला लढू दे' का म्हणत होता ते कळणार नाही.

१९६७ला अलीने सैन्यभरती नाकारली, किताब काढून घेतला, परवाना गेला. साडेतीन वर्षं तो रिंगबाहेर होता. त्या काळात त्याला परवाना परत मिळावा म्हणून फ्रेझरने शब्द टाकला, पैशाचीही मदत केली. आणि परत आल्यावर अलीने काय केलं? त्याला गोऱ्यांचा माणूस म्हणाला. मनिलाच्या वेळी तर गोरिला. रबराचं खेळणं खिशात घेऊन फिरायचा आणि कॅमेऱ्यासमोर त्याला ठोसे मारायचा. फ्रेझर दक्षिण कॅरोलिनातल्या शेतमजुराच्या घरातला. त्याची पोरं शाळेत जात होती, तिथे त्यांनी काय ऐकलं असेल.

मी अलीची भक्त आहे, कोण नाही? पण हे वाचल्यापासून ती लढत मला एकाच्या बाजूने बघता येत नाही.

हलकं_घ्या

ताई, ते तिकिटं खपवायला होतं. जाहिरात.

निशा_ठाणे

जाहिरात लढतीनंतर संपते. १९९६ला अटलांटात अलीने थरथरत्या हाताने ऑलिंपिकची ज्योत पेटवली, सगळं जग रडलं, आणि फ्रेझर म्हणाला मी असतो तर त्यालाच आत ढकललं असतं. एकवीस वर्षांनी. याला जाहिरात म्हणत नाहीत.

पन्हाळ्याचा_वारा

निशाताईंना +१. आमच्याकडे आखाड्यात शड्डू ठोकतात, मिशीला पीळ देतात, पण जोडीदाराच्या घरादारावर गेलं की वस्तादच कानफटात देतो.

आता वस्तादाचा विषय निघालाच आहे तर. मी कोल्हापूरचा, आमच्या घरात दोन पिढ्या लाल मातीत. धागाकर्ते 'म्हाताऱ्याची माया' म्हणाले ते मला टोचलं. फचला माया होतीच, पण तो निर्णय मायेचा नव्हता, हिशेबाचा होता. पहिल्या लढतीआधी अलीचा अपरकट (खालून वर येणारा ठोसा) मारताना उजवा हात खाली येतो हे हेरणारा तोच होता. त्याच क्षणी डावा हूक टाक, असं फ्रेझरला शिकवलं. १९७३ला सान दिएगोत केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडला, त्या नॉर्टनच्या कोपऱ्यातही हाच माणूस. अलीचं शरीर वाचता येणारी जी दोन-चार माणसं होती त्यातला हा एक. समोर अलीची काय दशा आहे हे त्याला दिसलं नसेल असं मला वाटत नाही.

पण त्याने रिंगमध्ये माणसं मरताना पाहिली होती. ज्याने ते पाहिलंय तो समोरच्या कोपऱ्याकडे बघतच नाही. आपल्या पोराकडे बघतो.

चिकित्सक_चिंतोपंत

सुंदर लिहिलंत. पण 'दिसलं नसेल असं वाटत नाही' आणि 'बघतच नाही' ही दोन वाक्यं एकाच प्रतिसादात नांदत नाहीत. दिसलं की नाही दिसलं?

पन्हाळ्याचा_वारा

चिंतोपंत, तुम्ही सासुरवाडीला जेवायला गेल्यावरही असंच करता का?

बरं, सुधारतो. दिसलं असेल, पण मोजलं नाही.

सध्या_दुबई

मनिला म्हटल्यावर राहवलं नाही. कामानिमित्त दोन वर्षं तिथे होतो आणि अरानेटा कोलिझियमच्या भागात, कुबाओला, बऱ्याच वेळा जाणं व्हायचं. कोलिझियमच्या जवळच अली मॉल होता. १९७६ला उघडलेला, या लढतीच्या आठवणीत नाव दिलेला. एका हरलेल्या आणि एका जिंकून कोसळलेल्या माणसाच्या लढतीतून शेवटी मॉल निघाला आणि त्याला नाव जिंकलेल्याचं. फ्रेझर मॉल नाही.

इथल्या चर्चेत एक गोष्ट कुणी मोजली नाही. उकाडा. लढत सकाळी पावणेअकराला सुरू झाली. अमेरिकेत रात्री बघता यावी म्हणून. ज्यांनी मनिलाची ऑक्टोबरची सकाळ अंगावर घेतली नाही त्यांनी मे महिन्यातली मुंबई आठवावी. वर अॅल्युमिनियमचा घुमट, आत पंचवीस हजारांवर माणसं आणि टीव्हीचे दिवे. त्यात चौदा फेऱ्या. मी तिथे टॅक्सीची वाट बघत उभा राहिलो तरी शर्ट पिळायचो.

अमेरिकेत ही लढत रात्री एचबीओ या केबल वाहिनीने उपग्रहावरून दाखवली, त्यांच्या उपग्रह प्रसारणाची सुरुवातच तिने झाली. वेळ रात्रीची असती तर? हा खरा 'असं झालं असतं तर'. मला वाटतं सगळ्यात जास्त निकाल त्याने बदलला असता. सावकाश तापणारा, पुढे पुढे येत राहणारा फ्रेझर थंड हवेत पंधरा फेऱ्या आरामात काढतो. १९७१ला मार्चमध्ये न्यूयॉर्कात काढल्याच होत्या.

माजी_फ्लायवेट

हे चांगलं आहे. पण १९७१चा फ्रेझर सत्तावीस वर्षांचा होता आणि मध्ये १९७३ला किंग्स्टनमध्ये फोरमनने त्याला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं होतं. उकाडा काढलात तरी ते सहा वेळा काढता येणार नाहीत.

अनंत_फडताळे

मला एक कळत नाही. माणसं एकमेकांना मारून आंधळी करतात आणि आपण पन्नास वर्षांनी चहा पीत 'अजून तीन मिनिटं' म्हणतोय. क्षमस्व, पण मला हा खेळ वाटत नाही.

स्टूलवरचा

अनंतराव, मुद्दा आहे. मी मान्य करून पुढे जातो, त्यावर उत्तर नाही माझ्याकडे. चहा मात्र खरा आहे.

ताकपित्या_डॉक्टर

मी डॉक्टर आहे, मुष्टियुद्ध टीव्हीवर बघण्यापुरतंच. तरी थोडं लिहितो.

डोक्याला बसणारा मार आणि शरीरातलं पाणी यांचा संबंध लोकांना कळत नाही. घामाने पाणी कमी झालेला, दमलेला, मान सैल पडलेला माणूस तोच ठोसा दुसऱ्या फेरीत आणि पंधराव्या फेरीत वेगळा घेतो. मान धरून ठेवत नाही, डोकं झटक्याने फिरतं, आणि नुकसान त्या फिरण्यात असतं. ज्याला ठोसा येताना दिसतो तो नकळत मान आवळतो. ज्याला दिसत नाही तो आवळत नाही. फ्लायवेटसाहेबांनी वर जे लिहिलं त्याचा हा दवाखान्यातला अर्थ.

१९८२ला लास व्हेगासमध्ये रे मॅन्चिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोरियाचा किम दुक-कू पडला, काही दिवसांनी गेला. त्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या. आकडेमोड यांनी जी दोन फेऱ्यांची गंमत सांगितली ती अशी किंमत देऊन आलेली आहे.

तेव्हा 'पंधरावी फेरी झाली असती तर कोण जिंकलं असतं' याचं माझं उत्तर: कदाचित प्रश्न विचारायला आपल्याकडे दोघांपैकी एकच उरला असता.

हलकं_घ्या

डॉक्टर, तुमच्या प्रतिसादानंतर विनोद करायची सोय राहिली नाही. बिल पाठवतो.

गॅलरीतला_काका

धागा वाचतोय दुपारपासून. अवांतर, पण लिहितो. १९८० साली जानेवारीत अली भारतात आला होता. दिल्लीत आपल्या कौर सिंगशी प्रदर्शनीय लढत झाली, मद्रासलाही झाली जिमी एलिसबरोबर, तिथे एमजीआर होते. माझे मामा तेव्हा दिल्लीत सरकारी नोकरीत. लांबच्या खुर्चीवरून बघितली. पुढे कित्येक वर्षं घरी कुणी पाहुणा आला की मामा उठून उभे राहायचे आणि अली कसा मागे झुकून ठोसा चुकवायचा ते करून दाखवायचे. एकदा मागचं फडताळ लागलं आणि कौर सिंगाच्या वतीने आमच्या मामीने हिशेब चुकता केला.

मुद्दा असा की मामा म्हणायचे, माणूस जाड झाला होता आणि हळू बोलत होता. १९८०च्या जानेवारीत! मनिलाला सव्वाचारच वर्षं झाली होती. त्याच साली ऑक्टोबरमध्ये तो लॅरी होम्ससमोर उभा राहिला.

आकडेमोड

काका, तुमच्या मामांनी धाग्याला वळण दिलं. होम्सची लढत २ ऑक्टोबर १९८०, लास व्हेगास. दहा फेऱ्यांनंतर थांबवली. कुणी? अँजेलो डंडीने.

माजी_फ्लायवेट

हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही. मनिलात ज्याने न ऐकल्यासारखं केलं त्याच माणसाने पाच वर्षांनी ऐकण्याची वाट न बघता थांबवलं.

चिकित्सक_चिंतोपंत

मनिलात न ऐकल्यासारखं केलं, हे आपण अजून ठरवलेलं नाही. पण वाक्य चांगलं आहे, राहू द्या.

निशा_ठाणे

मग प्रश्न उलटा करते. मनिलात अली हरला असता तर वाचला असता का? हरून, पैसे घेऊन, तेहतिसाव्या वर्षी घरी गेला असता. मग १९७७चा अर्नी शेव्हर्स नाही, १९७८चा लिऑन स्पिंक्स नाही, होम्स नाही, १९८१च्या डिसेंबरात बहामासमध्ये ट्रेव्हर बर्बिक नाही. १९८४ला पार्किन्सनचं निदान झालं. आजार त्या माराने झाला का यावर डॉक्टर मंडळींत मतभेद आहेत हे माहीत आहे, तरी तेवढे ठोसे तरी कमी बसले असते.

म्हणजे फचने फ्रेझरला वाचवलं आणि नकळत अलीला ढकललं, असं होतं का?

सध्या_दुबई

ताई, प्रवर्तक डॉन किंग जिवंत असताना हरलेला अली घरी जाईल? चौथी लढत झाली असती. किताब फ्रेझरकडे, हिशेब दोन-दोन नव्हे, तीनमध्ये दोन फ्रेझर एक अली. असं अपूर्ण प्रकरण कुठला प्रवर्तक सोडेल? सहा महिन्यांत चौथी, कुठल्या तरी आणखी एका हुकूमशहाच्या राजधानीत. मनिलात फिलिपिन्सच्या मार्कोसनी मार्शल लॉखाली उत्सव करूनच दाखवला होता. म्हणजे दोघांनी एकमेकांचं उरलंसुरलं तिथे संपवलं असतं.

निशा_ठाणे

हं. हे नको होतं ऐकायला, पण पटतंय.

पन्हाळ्याचा_वारा

आमच्याकडे याला उपाय आहे. निकाली कुस्ती होत नाही असं दिसलं की पंच पुढे येतात आणि कुस्ती बरोबरीत सोडवतात. दोघांचे हात वर, हलगी वाजते, प्रेक्षक फेटे उडवतात, घरी. मनिलाची कुस्ती बरोबरीत सोडवायला हवी होती. चौदा फेऱ्या, दोन पैलवान, एक हलगी.

हलकं_घ्या

आणि मॉलचं नाव अली-फ्रेझर जोडीदार मॉल.

आकडेमोड

पन्हाळकर, कल्पना छान आहे पण कार्डावर ६६-६० आहे. बरोबरी नव्हती.

पन्हाळ्याचा_वारा

आकडेमोडराव, कार्ड दोन माणसं लिहितात खुर्चीवर बसून. लढत दोन माणसं खेळतात. जाऊ द्या, तुम्ही खासबागेत एकदा या, मग बोलू. तांबडा-पांढरा माझ्याकडून.

चिकित्सक_चिंतोपंत

कार्ड तीन माणसं लिहीत होती, त्यातला एक रेफरी उभा होता.

पन्हाळ्याचा_वारा

तुम्हीही या. तुम्हाला फक्त पांढरा.

माजी_फ्लायवेट

रेफरीचा विषय निघाला म्हणून, कारण या धाग्यात त्याला कुणी विचारलंच नाही. माझ्या मते निकाल बदलू शकणारा खरा निर्णय लढतीच्या आधी झाला आणि तोही फचनेच केला.

१९७४च्या लढतीत अली फ्रेझरची मान डाव्या हाताने खाली ओढून धरून ठेवायचा. फचने मोजलं, १३३ वेळा धरलं. रेफरी टोनी पेरेझने सोडून दिलं. त्याच लढतीत दुसऱ्या फेरीत फ्रेझर डळमळला असताना बेल झाली असं समजून पेरेझ मध्ये पडला होता, म्हणजे दोन्हीकडून चूक. तर मनिलात पेरेझ नको म्हणून फच अडून बसला. त्याने तिथल्या अधिकाऱ्यांना पटवलं की एवढी मोठी लढत तुमच्या देशात, रेफरी तुमचाच हवा. अभिमानाला हात घातला. पदिया आला. लढत बघा, अलीचा हात मानेवर गेला की पदिया झटकून काढतो. अलीला धरून विश्रांती घेताच आली नाही. म्हणून सहाव्या फेरीतले ते दोन हूक बसले. म्हणून मधल्या फेऱ्या फ्रेझरच्या झाल्या.

पेरेझ असता तर मला वाटतं अलीने धरत धरत पंधरा फेऱ्या काढल्या असत्या, कंटाळवाणा निकाल, आणि आज हा धागा नसता. लढत एवढी भयंकर झाली ती फचमुळे. आणि थांबली तीही फचमुळे.

स्टूलवरचा

थांबा. हे मी कधी असं जोडून पाहिलं नव्हतं.

म्हणजे धरायला न देणारा रेफरी आणला त्याने, आणि त्याची किंमत दोघांच्या शरीरावर चढताना बघत बसला चौदा फेऱ्या. तेराव्यात फ्रेझरचं माउथपीस प्रेक्षकांत उडालं तेव्हाच तो थांबवायच्या विचारात होता म्हणतात. एक फेरी आणखी दिली. मी इतकी वर्षं म्हणत आलो की त्याने एक मिनिट लवकर थांबवलं. त्याच्या हिशेबात कदाचित तीन मिनिटं उशीर झाला होता.

अनंत_फडताळे

मी अजून इथेच आहे. वाचतोय.

ताकपित्या_डॉक्टर

अनंतराव, तुम्ही गेला नाहीत याचा आनंद झाला.

निशा_ठाणे

एक राहिलं. २००१ला अलीने वर्तमानपत्रातून फ्रेझरची माफी मागितली, जे बोललो ते बोलायला नको होतं म्हणाला. फ्रेझर २०११च्या नोव्हेंबरमध्ये यकृताच्या कर्करोगाने गेला. फिलाडेल्फियात अंत्यविधीला अली आला होता, काळा गॉगल लावून, आधार घेऊन. टाळ्या वाजवल्या त्याने उभं राहून.

सौ_मिसळ

मी फक्त मॅरेथॉनसाठी आले होते या धाग्यावर. आता रात्रीचा दीड वाजलाय आणि चौदावी फेरी बघतेय. नवरा विचारतोय रडतेस का.

स्टूलवरचा

मिसळताई, शेवटचं मिनिट बघा. फ्रेझर अजून पुढेच येतोय.

आणि माझं मत? अली उठला नसता, यावर मी अजून ठाम आहे. सत्तर टक्के. सकाळी शंभर होतो.

हलकं_घ्या

म्हणजे प्रत्येक वीस प्रतिसादांना पंधरा टक्के. उद्यापर्यंत तुम्हीही ग्लोव्ह्ज काप म्हणाल.

स्टूलवरचा

न ऐकल्यासारखं करतो आहे. तोंड पुसा.

माजी_फ्लायवेट

दुसऱ्या लढतीवर वेगळा धागा काढा कुणीतरी. पेरेझच्या त्या बेलवर मला पुष्कळ बोलायचंय.